विश्लेषण : ‘साबर बोंडं’ शुक्रवारी आला; देहू-चाकणच्या प्रेक्षकाची सुट्टी येईपर्यंत छोटा चित्रपट टिकतो का?

अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात ३१ जानेवारी २०२५ ला ‘साबर बोंडं’ला जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक जाहीर झाले. तेव्हापासून मराठी चित्रपटप्रेमी एकच प्रश्न विचारत होते : आपल्याकडे कधी? उत्तर मिळायला साडेसात महिने लागले. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ ला भारतात प्रदर्शित झाला. पण देहू, तळवडे, चाकण, भोसरी या पट्ट्यात वाट पाहणाऱ्यांचे तेवढ्याने भागत नव्हते. कुठे लागणार, किती वाजता लागणार आणि आमची सुट्टी येईपर्यंत पडद्यावर राहणार का, हे त्यांचे पुढचे प्रश्न. त्यांची उत्तरे चित्रपटाच्या गुणवत्तेत नाहीत, वितरणाच्या हिशेबात आहेत.

एवढी उत्सुकता कशासाठी?

साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल, काटेरी फळे. माळावर, बांधावर वाढलेल्यांनी ती काटे झाडून खाल्लेली असतात. चित्रपटातला आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. लग्न कधी करणार, हा नातेवाइकांचा प्रश्न सुतकातही थांबत नाही. त्याच गावात बाळ्या हा त्याचा लहानपणीचा मित्र शेती करतो, आणि या दोघांमधल्या प्रेमाची ही गोष्ट आहे. भूषण मनोज, सूरज सुमन आणि जयश्री जगताप यांच्या मुख्य भूमिका आहेत. कानवडे यांना ही गोष्ट स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दिवसांवरून सुचली.

सनडान्समध्ये दाखवला गेलेला हा पहिला मराठी कथापट, आणि तिथले हे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा पहिला भारतीय कथापटही. तो प्रदर्शित झाला पितृपंधरवड्यात. त्या रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. शुभकामे टाळण्याचा हा काळ सुतकावरच्या चित्रपटाच्या वाट्याला यावा, हा योगायोगच म्हणायचा.

साडेसात महिने गेले कुठे?

छोट्या चित्रपटाकडे जाहिरातीचे पैसे नसतात, त्यामुळे महोत्सव हीच त्याची जाहिरात. मोठ्या महोत्सवांना चित्रपट शक्यतो आधी कुठेही न दाखवलेला हवा असतो. म्हणून निर्माता आधी महोत्सव गाठतो आणि पुरस्काराची वाट पाहतो. मग एका देशातून दुसऱ्या देशात चित्रपट फिरत राहतो. या काळात घरच्या प्रेक्षकाला फक्त बातम्या मिळतात.

पुढची पायरी प्रमाणपत्राची. परदेशी महोत्सवासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सेन्सॉरचे, प्रमाणपत्र लागत नाही. भारतात तिकीट लावून दाखवायचे तर ते लागतेच. इथेच एखादा चित्रपट कायमचा अडकू शकतो. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करसाठी पाठवला. पण मंडळाने सुचवलेल्या कपातींवरून तो भारतीय चित्रपटगृहांत आलाच नाही.

तिसरी आणि सर्वांत वेळखाऊ पायरी म्हणजे वितरक मिळणे. पोस्टर, ट्रेलर, समाजमाध्यमांवरचा प्रचार, प्रत्येक पडद्यासाठी भरावे लागणारे डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क (धंद्यात त्याला ‘व्हीपीएफ’ म्हणतात) हा खर्च तिकीटविक्रीच्या आधी करायचा असतो. ‘साबर बोंडं’साठी अभिनेते राणा दग्गुबाती यांची ‘स्पिरिट मीडिया’ पुढे आली. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ याच कंपनीने भारतात आणला होता. नागराज मंजुळे, विक्रमादित्य मोटवाने, निखिल अडवाणी आणि सई ताम्हणकर हेही कार्यकारी निर्माते म्हणून जोडले गेले. ओळखीचे नाव पाठीशी उभे राहिले की चित्रपटगृहाचा व्यवस्थापक निदान फोन उचलतो.

आधीच्या चित्रपटांशी तुलना केली तर साडेसात महिने कमीच म्हणावे लागतील. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाले आणि तो १७ एप्रिल २०१५ ला इथे लागला. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिनला गौरवला गेला. आपल्याकडे आला २६ जून २०१५ ला. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोत नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि पडद्यावर पोचला ७ मार्च २०२५ ला, म्हणजे दीड वर्षाने. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ने तर कहरच केला. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि प्रदर्शनाला १८ ऑक्टोबर २०२४ उजाडले. ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवूनही ३० एप्रिल २०२१ ला थेट नेटफ्लिक्सवर आला. तेव्हा करोनाचा काळ होता हे खरे, पण हिंदुस्थानी संगीतावरचा चित्रपट बहुतेकांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला याची हळहळ राहतेच.

चित्रपट लागला, मग पुढे अडते कुठे?

अडते ते पहिल्या सोमवारी. मल्टिप्लेक्सचे खेळ आठवड्याच्या हिशेबाने ठरतात. शुक्रवारचे वेळापत्रक साधारण मंगळवार-बुधवारी पक्के होते, शनिवार-रविवारची गर्दी पाहून सोमवारपासून खेळ वाढतात किंवा कापले जातात, आणि पुढच्या शुक्रवारी नवे चित्रपट येतात. त्या आठवड्यातली रांग बघा. आदल्या शुक्रवारी एकाच दिवशी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी चित्रपट आले. दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ला लोक गर्दी करत होते. जपानी ‘डेमन स्लेयर’ने तरुणांचे खेळ धरून ठेवले होते. ‘साबर बोंडं’च्याच दिवशी अक्षयकुमार-अर्शद वारसी यांचा ‘जॉली एलएलबी ३’ आणि अनुराग कश्यप यांचा ‘निशानची’ आला. आठवड्याने, २६ तारखेला, नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ होता, आणि त्याचा प्रेक्षक बराचसा हाच.

पैशाचे गणित पाहिले की चित्रपटगृहाची घाई कळते. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संघर्ष पेटला होता, दोन महिने नवे मोठे चित्रपट लागले नव्हते. त्यानंतर ठरलेल्या सूत्रानुसार करवजा उत्पन्नातला निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि नंतर ३० टक्के. मराठीत चित्रपटागणिक करार वेगळे असतात, पण समजण्यासाठी हेच सूत्र धरू. २०० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा केला की सुमारे १६९ रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात त्यातले ८५ चित्रपटाकडे जातात. रोज एक खेळ, त्याला ६० प्रेक्षक, असे सात दिवस चालले तर एका पडद्यावरून साधारण ३५ हजार रुपये येतील. त्यातून प्रक्षेपण शुल्क, प्रचार आणि वितरकाचे कमिशन गेले की निर्मात्याच्या हाती काय राहते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

यात एक विसंगती आहे. छोटा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर, म्हणजे उशिरा वाढतो. पण तिसऱ्या आठवड्यात त्याच तिकिटातले त्याला ६४ रुपयेच मिळतात. उलट चित्रपटगृहाचा वाटा आठवड्यागणिक वाढतो, म्हणजे थांबण्यात खरे तर त्याचा फायदा आहे. तरीही ते थांबत नाही, कारण त्याच वेळेला नवा चित्रपट लावला तर खुर्च्या जास्त भरतील आणि पॉपकॉर्न जास्त खपेल हे त्याला ठाऊक असते.

प्राइम टाइमचा नियम इथे मदतीला येत नाही का?

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी प्राइम टाइम राखण्याचे बंधन घातले. मूळ घोषणा संध्याकाळी ६ ते ९ अशी होती. वाद झाला आणि ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. दुपारी १२ला प्राइम टाइम म्हणणे हा विनोद आहेच. त्याहून मोठी अडचण अशी की हा नियम मराठी चित्रपटाला जागा देतो, छोट्या मराठी चित्रपटाला नाही. ‘दशावतार’ लावला की नियम पाळला गेला. जुलै २०२५ मध्ये ‘सैयारा’च्या लाटेत ‘येरे येरे पैसा ३’चे खेळ कमी झाले तेव्हा राजकीय आंदोलनाची भाषा झाली. त्या चित्रपटामागे परिचित कलाकार आणि मनसेचे अमेय खोपकर होते. ज्याच्यामागे कोणी नाही त्याचा खेळ सकाळी ११ला लागतो आणि कोणाला न कळता जातो.

औद्योगिक पट्ट्याचा गुरुवार

पुण्या-मुंबईबाहेर सहसा न मोजला जाणारा मुद्दा इथे येतो. देहूतल्या प्रेक्षकाला मल्टिप्लेक्ससाठी मुख्यतः निगडीवरून चिंचवड-पिंपरीकडे यावे लागते. चाकणचा प्रेक्षक तळेगाव चौकातल्या वाहतूक कोंडीतून सुटला तर येतो. हे अंतर एकवेळ कापता येते. वेळापत्रक जुळवणे अवघड. फर्स्ट शिफ्टवाला दुपारी तीननंतर सुटतो, सेकंड शिफ्टवाला त्याच वेळी कामावर चढतो, जनरलवाला सहा-सातला गेटबाहेर पडतो. सकाळी ११ किंवा दुपारी १२चा खेळ यातल्या कोणाच्या कामाचा? रात्रपाळी करून झोप मोडायची तयारी असलेल्याच्या.

त्यात पिंपरी-चिंचवड-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार विभागण्यासाठी पडलेली ही जुनी पद्धत. चित्रपट शुक्रवारी येतो, त्याचा निकाल रविवारी रात्री लागतो, आणि या पट्ट्यातला कामगार मोकळा होतो गुरुवारी, चित्रपटाच्या आठवड्याच्या अगदी शेवटच्या दिवशी. ‘तिकडे प्रेक्षकच नाही’ असा निष्कर्ष सोमवारच्या आकड्यांवरून काढला जातो. माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे; जो प्रेक्षक मोजणीच्या दिवशी मशिनवर उभा होता, तो मोजला गेला नाही एवढेच.

देहूशी जोडलेल्या एका चित्रपटाची इथे आठवण होते. प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात तयार केलेला, दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिस महोत्सवातला गौरव १९३७ चा, म्हणजे आधी लोकांनी पाहिला आणि मग परदेशाने वाखाणला. ‘प्रभात’ मोठी कंपनी होती, तिच्याशी आजच्या स्वतंत्र निर्मात्याची बरोबरी नाही. पण एका गोष्टीत तुलना चुकत नाही : तो चित्रपट पाहायला गावाकडून येणाऱ्याला महिन्याभराने आला तरी चित्रपट जागेवर सापडत होता.

अशा चित्रपटाची वाट पाहणाऱ्यांनी काय बघावे?

तिकिटांच्या अ‍ॅपवर पिंपरी-चिंचवडच्या यादीत नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर अ‍ॅपवरचे ‘इंटरेस्टेड’चे बटण दाबावे. नुसत्या बटणाने खेळ लागत नाही, पण कोणत्या शहरात मागणी आहे हे वितरकाला त्यावरून दिसते. पुण्यातले पडदे हा दुसरा पर्याय. देहूरोडहून लोकलने शिवाजीनगर गाठणाऱ्याला तो फार अवघड नाही.

ज्यांना शनिवार-रविवार सुट्टी आहे त्यांनी त्याच दिवसांत जावे, कारण सोमवारचा निर्णय त्यांच्या तिकिटांवर ठरतो. त्यामुळे गुरुवारवाल्यांसाठी निदान एक खेळ उरण्याची शक्यता वाढते. ‘साबर बोंडं’साठी त्यांचा पहिला गुरुवार होता २५ सप्टेंबर. एकाच कंपनीतले किंवा सोसायटीतले पुरेसे लोक जमत असतील तर अख्खा खेळ आरक्षित करण्याची सोय मल्टिप्लेक्समध्ये असते. वेळ सांगून व्यवस्थापकाशी आधी बोलावे लागते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज, रान आणि शांतता एवढ्यावरच तो उभा आहे, म्हणून मोबाइलवर बघू म्हणणाऱ्यांनी एकदा विचार करावा.

आणि तिकिटाबद्दल. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ ला घेतलेल्या निर्णयानुसार १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटांना १८ टक्के कायम राहिला. नवा दर लागू झाला सोमवारी, २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. म्हणजे चित्रपटाचे पहिले तीन दिवस जुन्याच दराने.