कुंपण कोणीं मोडलें ?

सातव्या शतकांत अरबांच्या फौजा सीरिया व इराक या प्रांतांत शिरल्या, ही घटना आमच्याकडील पुस्तकांतून बहुधा वावटळीसारखी वर्णिली जाते. सीमेवरचे अरब सरदार मुळांतच भाडोत्री व बेभरंवशाचे होते, कुंपणानेंच शेत खाल्लें, असाही शेरा वर मारण्यांत येतो. हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

हे सरदार नुसते भाडोत्री असते, तर जस्टिनियन बादशहानें सुमारें ५२९ त घस्सानी हारिस बिन जबला यास राजपद कशास दिलें असतें ? इराणच्या बाजूनें हीरा येथील लख्मी राजे हेंच सीमारक्षणाचें काम करीत. ५५४ त हारिसानें त्या हीरेच्याच राजास रणांत मारिलें. पुढें ५६१ चा तह झाला, त्यांत दोन्ही साम्राज्यांच्या अरब दोस्तांनाही त्या तहानें बांधून घेतलें. ज्यांची गणना तहनाम्यांत होते, त्यांस भाडोत्री कसें म्हणावें ?

यावर प्रोकोपिअसचा दाखला पुढें करण्यांत येईल. ५३१ मधील कॅलिनिकमच्या पराभवाचें खापर त्यानें हारिसावर फोडिलें आहे खरें. परंतु तो स्वतः पराभूत सेनापति बेलिसेरिअस याचा चिटणीस होता, हें विसरून कसें चालेल?

आतां दगा कोणीं केला तें पाहावें. हारिसाचा पुत्र मुंझिर यास गुप्तपणें मारण्याचा हुकूम दुसऱ्या जस्टिननें सोडिला. तें पत्र चुकून मुंझिराच्याच हातीं पडलें! तरीही तो पुन्हां रोमच्या पक्षास मिळाला. ५८० त टायबेरिअसनें त्यास मुकुट दिला आणि पुढें लवकरच त्यास कैद करविलें. अखेर त्याची रवानगी सिसिलींत झाली. इकडे इराणच्या दुसऱ्या खुस्रूनें ६०२ च्या सुमारास हीरेचा राजा नुमान यास कैद करून त्याचा अंत केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत झू-कार येथें अरब टोळ्यांनीं इराणी सैन्याचा पराभव केला. तरीही दोन्ही साम्राज्यें ६२८ पर्यंत एकमेकांचें रक्त सांडीत राहिलीं. आणि ६३६ त यर्मुकच्या काठीं रोमचा निकाल लागला.

नव्या धर्माचें तेज आम्ही नाकारीत नाहीं. जुनीं घराणीं शाबूत असतीं तर हा लोंढा खात्रीनें अडला असता, असाही आमचा दावा नाहीं. परंतु कुंपणानें शेत खाल्लें, हें मात्र कोणीं म्हणूं नये. कुंपण धन्यांनींच उपटलें, आणि मग शेत उघडें पडलें म्हणून ओरड केली.