एकटाच?

मुलुंडहून सकाळी साडेपाचला सायकल काढायची, कल्याण, मुरबाड, सरळगाव, किन्हवली करत दुपारपर्यंत शहापूर गाठायचं आणि तिथे मावसभावाकडे मुक्काम ठोकायचा. साधारण नव्वदेक किलोमीटर. यात पराक्रम वगैरे काही नाही, पन्नाशीच्या माणसाला आरामात जमतं. पण हे कुणाला सांगितलं की रस्ता कसा होता, ऊन लागलं का, असलं काही कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एकटाच?"

मग सल्ले सुरू. सोसायटीतले काका म्हणतात, "अरे, एखादा ग्रुप जॉइन कर." मेव्हणा म्हणतो, "भावजी, काही झालं तर कोण आहे बघायला?" आमच्या मातोश्रींचं तर विचारूच नका. सगळे मनापासून बोलतात हे कबूल. तरी मला या सल्ल्याचा राग येतो, आणि का येतो ते आज एकदा लिहूनच टाकतो.

त्या नव्वद किलोमीटरमध्ये मला भीती कुठे वाटते, सांगू? मुलुंड चेकनाक्यापासून कल्याण सुटेपर्यंत. म्हणजे जिथे आजूबाजूला लाखो माणसं आहेत तिथे. मागून कंटेनर येतो, हॉर्न पाठीत घुसतो, डावीकडे रस्त्याची कड अशी की चाक उतरलं तर वीतभर खाली जाईल. कल्याण मागे पडलं, रायत्याला उल्हास नदीचा पूल ओलांडला की गर्दी पातळ होत जाते. सरळगावला मुख्य रस्ता सोडून किन्हवलीकडे वळलं की कधी कधी दहा-दहा मिनिटं आपल्या चेनच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. तिथे मी खरा एकटा असतो, आणि तिथेच खांदे सैल होतात. काही झालं तर कोण बघणार? अहो, तिथलीच माणसं! पंक्चर झालं की पाच मिनिटांत कुणीतरी थांबतं. घोडबंदर रोडवर थांबून बघा कोण थांबतं ते.

२८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर भरधाव टॅक्सीने मागून धडक दिली आणि इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी गेले. ते एकटे नव्हते, सोबत सायकलस्वार मित्र होते. मित्र चांगले असतात, मदतीला धावतात, पण मागून येणारी गाडी त्यांना थांबवता येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा सोयीचं तेवढंच बोलतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलवर जगाला प्रदक्षिणा घालून आली, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं होतं. एकटेपणाचे धोके असतात, आणि बाईमाणसाला ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यावर मी शहाणपणा शिकवणार नाही. घोळक्याने गेलं की गाडीवाल्याला लांबून दिसतो, हेही खरं. पण आपल्याकडे सायकलवरून जाणाऱ्याला मारतं कोण, चोर की मोटार, याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

म्हणूनच हा सल्ला मला खटकतो. तो सोयीचा आहे. रस्ता ज्यांनी करायचा त्यांना कुणी काही विचारत नाही, उपदेश ऐकायचा तो सायकलवाल्याने. हेल्मेट घाल, जॅकेट घाल, दिवा लाव, घोळक्याने जा, आणि एवढं करूनही मेलास तर गेलास कशाला!

रस्ता करणाऱ्यांचं काय चाललंय ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, २००९ च्या सी लिंकवर बंदी, २०२४ च्या अटल सेतूवरही बंदी. बरं, वेगाचे रस्ते आहेत, समजू शकतो. मग वेगाचा नसलेला रस्ता तरी द्या. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सायकल ट्रॅक बांधला. त्यात गाड्या उभ्या राहिल्या, आणि शेवटी तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं २०२५ साली ठरलं. आमच्या पूर्व उपनगरांच्या वाट्याला तर २०१७ साली 'हरित वारी जलतीरी' आली. नाव काय सुंदर! तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेने मुलुंडपासून घाटकोपरवरून शीव-धारावीकडे, ३९ किलोमीटरचा मार्ग. जलवाहिन्यांच्या सुरक्षेसाठी न्यायालयाच्या आदेशाने तिथली हजारो घरं आधीच तोडायला घेतली होती, कित्येक कुटुंबं माहुलच्या रासायनिक धुरात नेऊन टाकली होती. इतकी किंमत लोकांनी मोजली, आणि सलग मार्ग काही झाला नाही. तुकडे झाले. तुकड्यावर माणूस फेऱ्या मारतो, गावाला जात नाही.

हॉलंडचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांचं वेगळं आहे. वेगळं काही नव्हतं. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. तिथल्या आईबापांनी मुलांना "एकटा जाऊ नकोस" एवढंच सांगून भागवलं नाही. ते रस्त्यावर उतरले, सरकारला जाब विचारला, आणि रस्ते बदलले.

आणि हा माझ्या हौसेचा प्रश्न असता तर एवढं लिहिलंही नसतं. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. उत्तम योजना. पण ती मुलगी ज्या रस्त्याने शाळेत जाते तो रुंद करताना पांढऱ्या पट्टीच्या बाहेर दीड मीटर पक्की कड ठेवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. रस्ता रुंद होतो, गाड्या जोरात जातात, आणि सायकल खडीत. दूधवाला त्याच खडीत, मजूर त्याच खडीत. यांना कुणी "ग्रुप जॉइन कर" म्हणून सांगत नाही, हे एक बरं आहे.

ग्रुपमध्ये गेलं की आणखी एक होतं. आपण आपसातच बोलतो. मुरबाडच्या टपरीवर मी एकटा बसलो की बाजूचा म्हातारा विचारतोच, "कुठनं आलाव?" मुलुंडहून, सायकलवर, म्हटलं की माझ्याकडे नीट बघतो. "पेट्रोल परवडत न्हाय का?" मग त्याचा मुलगा कल्याणला कामाला रोज कसा जातो, कल्याण-मुरबाड रेल्वे येणार येणार म्हणून किती वर्षं ऐकतोय, हे सगळं निघतं. पंधराजणांच्या रंगीत जर्सीवाल्या टोळक्याला तो हे सांगणार नाही.

असो. कुणाला जायचं असेल तर दोन ट्यूब, पंप, पाणी घ्या, मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा, घरी मार्ग सांगून ठेवा. एकटे खुशाल जा. फक्त कल्याणपर्यंत जमलं तर सायकल टेम्पोत टाका.