उताऱ्याचा रोजचा आकडा कसा वाचावा?



गाळप सुरू झालं की काट्यावर, गट ऑफिसात, अगदी आष्टीच्या बाजारातही एकच विचारणा : "आज उतारा किती?" काल १०.१ होता आणि आज ९.९ झाला, की लगेच कोणी म्हणतं टोळीने वाढ्यासकट ऊस भरला, कोणी म्हणतं मिलवाले झोपले होते. एका दिवसाच्या आकड्यावरून असा निवाडा करणे आम्हांला मान्य नाही.

विचारणा मात्र रास्तच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. हे पैसे कोण सोडील?

पण कोणतेही काम रोज थोडे वरखाली होतेच. एकाच सरीतल्या दोन उसांचा ब्रिक्स सारखा येत नाही. हे नेहमीचे हेलकावे कोणते आणि खरा बिघाड कोणता, हे ओळखण्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत १९२४ साली नियंत्रण तक्ता काढला. पुढे ते भारतातही येऊन गेले.

आता उतारा सुरुवातीला कमी, थंडीत वर आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली, हे आपण जाणतोच. म्हणून अख्ख्या हंगामाच्या उताऱ्यावर एकच रेषा मारली तर फसगत होते. त्यापेक्षा बगॅस, प्रेसमड आणि मळीतून जाणाऱ्या साखरेचा, म्हणजे एकूण घटीचा तक्ता करावा. समजा, वीस-पंचवीस दिवसांची सरासरी घट २.१० टक्के आली. लगतच्या दोन दिवसांतल्या फरकांची सरासरी ०.०५ आली. तिला २.६६ ने गुणले की झाले ०.१३. म्हणजे वरची रेषा २.२३, खालची १.९७. या दोन रेषांच्या आत आजचा आकडा कालच्यापेक्षा वाईट आला तरी कोणाला धारेवर धरू नये. रेषेबाहेर गेला, किंवा सलग आठ दिवस सरासरीच्या एकाच बाजूला राहिला, तर मात्र त्याच दिवशी कारण शोधावे.

"आकडा रेषेच्या आत आहे, मग चिंता कशाला?" असेही कोणी म्हणेल. ते आम्हांला त्याहून पटत नाही. या रेषा आपल्याच कामातून निघालेल्या असतात. आपली गरज त्यांना ठाऊक नसते. संचालक मंडळाने घट २.०० च्या वर नको असे ठरवले, तर वरची मिल शिस्तीत चालूनही बहुतेक दिवस नापासच होईल. शिस्त आहे, कुवत नाही. तिथे कामगारांना रागावून काही होत नाही. रोलर, मिलची सेटिंग आणि मिलवर सोडायचे पाणी यांतच बदल करावा लागतो, आणि तो निर्णय मंडळाचा आहे.

टोळीचेही तेच. आपल्या तालुक्यातली कितीतरी घरे कोयता घेऊन परमुलखात जातात. एका दिवसाच्या आकड्यावरून मुकादमाची कापणी झाली तर कसे वाटते, हे आपल्याला सांगायला नको. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा, हे खरेच. पण उशीर टोळीमुळे, वाहनामुळे की काट्यावरच्या रांगेमुळे, हे आधी दिसले पाहिजे. म्हणून घटीचा तक्ता काट्याजवळच्या फळ्यावर लावावा, आणि तोडणी ते गव्हाण किती तास लागले याचा तक्ता गटवार ठेवावा. त्यासाठी चिटबॉयने स्लिपवर तोडणीची वेळ लिहिली पाहिजे, आणि सभासदाने ती वाचूनच सही करावी.

— ऊस विकास अधिकारी