खोडलेला वाघ

मुलांनो, आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकहो,

मागे चित्रकलेच्या तासाला ‘आपले गाव’ काढायला सांगितले होते. एका मुलाने तुंगारेश्वराचा डोंगर काढला, वर सूर्य-चंद्र काढले, पायथ्याशी वाघोबाचा दगड काढला. मग त्या दगडावरचा वाघ रबराने इतका खोडला, इतका खोडला, की कागदच फाटला. मी जवळ गेलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, “गुरुजी, वाघोबा काढला तर पाप लागेल का? अन् नाय काढला तर वाघोबा रागवेल का?”

त्याचे आईबाप रविवारी मिस्सेला जातात. आजी मात्र वाघबारशीला वाघोबाला नारळ देते, आणि पावसातली पहिली रानभाजी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालत नाही. कुणी त्याला म्हणाले, “दगड पूजणे हे सैतानाचे काम.” कुणी म्हणाले, “चर्चला जातोस, तू आता वारली नाहीस.” दहा वर्षांचे पोर! रात्री क्रूसाची खूण करते, सकाळी रानात जाताना वाघोबाला हात जोडते, आणि दोन्ही वेळा भिते.

या दोन्ही बोलण्यांना उत्तर आहे. १९६५ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने जाहीर केले, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आठशे वर्षांपूर्वी इटलीतल्या असिसीचे संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वी सांभाळण्याविषयी जगाला मोठे पत्र लिहिले. आपल्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथल्या हिरवाईसाठी लोकांबरोबर उभे राहिले. मग रानाला मान देणाऱ्या आजीला सैतानाची म्हणायचे कुणी?

दुसरे बोलणेही चूक आहे. आदिवासी माणसाने धर्म बदलला म्हणून कायद्याने त्याची जमात जात नाही. आणि आजीच्या मांडीवर ऐकलेली कणसरीची, हिमाईची गोष्ट कुणी पुसून टाकू शकते काय?

पण मुलांनो, दोन्ही सारखेच आहे असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. चर्च म्हणते, डोंगर-झाडे देवाने केली. पूजा करायची ती देवाची, झाडाची नव्हे. आजी म्हणते, देव वाघातच आहे, धान्यातच आहे. हा फरक खरा आहे. मोठमोठ्या माणसांना तो सुटलेला नाही. तो पाचवीतल्या पोराने एका रात्रीत सोडवावा हा हट्ट कशाला?

आपल्या राज्यघटनेचे २५वे कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मोकळीक देते. २८वे कलम सांगते, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ‘तुझा देव खरा का खोटा?’ हा प्रश्न आपल्या शाळेत कुणी कुणाला विचारू नये. विचारायचेच तर हे विचारा, की कोणती रानभाजी कडू, कोणती गोड? नाताळला गोठा कसा करतात? वाघोबाच्या दगडावर सूर्य-चंद्र का असतात? सांगणाऱ्याची मान ताठ होईल आणि ऐकणाऱ्याला चार गोष्टी कळतील.

पालकहो, घरात मतभेद असतील. ते मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावेत; पोराच्या डोक्यावरून दोरी ओढू नये. भीतीने धरलेला धर्म, मग तो कुठलाही असो, फार दिवस टिकत नाही.

त्या मुलाने चित्र पुन्हा काढले. त्याला विचारून, नाव न घालता, ते येथे खाली लावले आहे. डोंगर आहे, सूर्य-चंद्र आहेत, दगडही आहे. दगडावरची वाघाची जागा त्याने अजून मोकळी ठेवली आहे. ती तो भरील तेव्हा भरील. कुणी घाई करू नये.

— तुमचे गुरुजी