भरतपूरचा दगड आणि दुनळीची साक्ष

#थ्रेड

१/ राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात, केवलादेवाच्या मंदिराजवळ, काही दगडी फलक उभे आहेत. त्यांवर शिकारींचा हिशेब कोरलेला आहे : तारीख, पाहुण्याचे नाव, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांचा आकडा. १२ नोव्हेंबर १९३८ च्या नोंदीसमोर आकडा आहे ४,२७३. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो.

२/ या आकड्यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष म्हणतो, ही क्रूरतेची यादी आहे, ती झाकून टाका. दुसरा म्हणतो, शिकार होती म्हणून तलाव वाचला, राजांचे आभार माना. दोन्ही पक्ष दगडापाशीच थांबतात. ज्या वस्तूने हा आकडा घडवला, त्या दुनळी बंदुकीला साक्षीला कोणी बोलावत नाही. तिला बोलावले, तर दोन्ही निष्कर्ष अपुरे ठरतात.

३/ आधी तलाव. हा परिसर खोलगट. अठराव्या शतकात सूरजमलाच्या काळात अजान बांध झाला आणि येथे पाणी साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांध, पाट आणि दरवाजे यांची आखणी करून ही जागा बदकांच्या शिकारीसाठी मुद्दाम घडवण्यात आली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीचा आकडा ५४० आहे. छत्तीस वर्षांत तो जवळजवळ आठपट झाला.

४/ आता बंदूक. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप, मध्यावर मोडून उघडणारी. बारा बोअर म्हणजे नळीचा व्यास असा की, त्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरावे. ही रचना १८७५ ते १८८० या अवघ्या पाच वर्षांत जवळजवळ पूर्णत्वाला पोहोचली : वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अँसन आणि डीली यांची बिनघोड्याची यंत्रणा १८७५ ची, पर्डी आजही वापरते ती बीस्ली यांची आपोआप उघडणारी रचना १८८० ची.

५/ दोन नळ्यांचा अर्थ काय? बहुधा उजवी नळी तोंडाशी मोकळी, डावी किंचित आवळलेली. पहिला बार जवळच्या पक्ष्यावर, दुसरा दूर जाणाऱ्यावर. मग बंदूक उघडायची आणि पुन्हा भरायची. म्हणजे ही बंदूक मुळातच मर्यादेची आहे. दोन बार झाले की हात थांबतो आणि थवा निघून जातो. एकट्या माणसाच्या हातात ती दिवसभरात मोजकेच पक्षी पाडील.

६/ मग ४,२७३ कुठून आले? ती मर्यादा ओलांडणारी व्यवस्था उभी केली गेली म्हणून. बड्या पाहुण्यांकडे जुळ्या बंदुकांची जोडी असे. एक हातात, दुसरी मागे बसलेल्या भरणाऱ्याकडे. पाणथळीत आडोसे बांधलेले, थवे उठवायला हाकारे, त्या दिवशी सुमारे चाळीस बंदुका, आणि वर्षभर पाण्याची पातळी सांभाळणारे संस्थान. आकडा बंदुकीने एकटीने घडवलेला नाही. तो दरबारी शिष्टाचाराने, फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या श्रमाने आणि सत्तेच्या प्रदर्शनाने घडवला. व्हाइसरॉयला खूश करणे हे संस्थानाचे राजकारण होते आणि बदके त्या राजकारणाचे चलन होती.

७/ दगडावर पाहुण्यांची नावे आहेत. भरणाऱ्यांची नाहीत, हाकाऱ्यांची नाहीत. त्या हजारोंत तलवार बदके किती, थापटे किती, चक्रवाक किती, तेही नाही. जखमी होऊन वेतात मेलेल्या पक्ष्यांचा हिशेब नाही. शिशाचाही नाही. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे २८ ग्रॅम छर्रा असतो. एका पक्ष्यामागे एकच बार धरला, तरी त्या एका दिवसाचे शिसे सुमारे १२० किलो होते. चिखलातले छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यावर देशभर बंदी आणली ती १९९१ मध्ये.

८/ याउलट, बंदुकीची निगा पाहा. प्रत्येक नळी विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहात जादा दाबाने उडवून पाहिली जाई आणि मगच तिच्यावर शिक्का उमटे. जुन्या काडतुसांच्या टोपीतून उरणारे क्षार हवेतला ओलावा ओढून घेत. म्हणून शिकारीनंतर नळ्या गरम पाण्याने धुवायच्या, कोरड्या करायच्या, मग तेलाचा पातळ हात द्यायचा. बंदूक ठेवताना नळीचे तोंड खाली, म्हणजे तेल झिरपून अक्रोडाचा दस्ता कुजत नाही. कमानी ताणलेल्या राहू नयेत म्हणून पोकळ काडतुसावर चाप सोडायचा. नळ्या टांगून टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर मधला सांधा शाबूत, बद्द आवाज आला तर सांधा सुटलेला.

९/ एका निर्जीव वस्तूसाठी एवढी काळजी आणि एका सजीव प्रजातीसाठी फक्त बेरीज. वसाहतकालीन शिकारसंस्कृतीचा स्वभाव या विसंगतीत जितका स्पष्ट दिसतो, तितका कोणत्याही भाषणात दिसत नाही.

१०/ ‘शिकारीने तलाव वाचवला’ हे अर्धसत्य आहे. शिकारीसाठी राखल्यामुळे पाणी टिकले, हे खरे. परंतु स्वातंत्र्यानंतर हे पाणी आणि ही जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा तलाव वाचला तो सलीम अलींसारख्या अभ्यासकांनी त्याची बाजू मांडल्यामुळे. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. तरीही शिकारीचा राजहक्क १९७२ पर्यंत उरला. आणि संरक्षणही निष्पाप नव्हते. १९८२ मध्ये चराईबंदी आली, पोलीस गोळीबारात गावकरी मेले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यामुळे गवत माजले आणि पाणथळ गुदमरू लागली. शिकारीच्या काळात हाकारे नोंदीबाहेर राहिले. संरक्षणाच्या काळात गुराखी. दोन्ही वेळा निर्णय वरून आला.

११/ म्हणून दगड झाकू नये. पण दगड एकटाही ठेवू नये. त्याला उलटतपासणी करणारा साक्षीदार हवा, आणि तो आज झपाट्याने नष्ट होत आहे. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक असतो. त्यावरून कारखान्याच्या खतावणीत ती कधी बनली आणि कोणासाठी बनली हे सापडते. भारतीय संस्थानिक या कारखान्यांचे मोठे ग्राहक होते. म्हणजे प्रत्येक जुनी दुनळी हा एक दस्तऐवज आहे : कोणी, कधी, किती खर्च करून, कोणाची बरोबरी करायला ती मागवली याचा.

१२/ २०१९ च्या शस्त्र (सुधारणा) कायद्याने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू आहे. जादा बंदूक जमा करणे बंधनकारक झाले. कायद्याचा हेतू सार्वजनिक सुरक्षेचा आहे आणि तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की जमा झालेली शंभर वर्षांची दुनळी गंजून गेली किंवा भंगारात वितळली, तर तिच्यासोबत एक कागदही जळतो, ज्याची दुसरी प्रत भारतात नाही.

१३/ उपाय महागडा नाही. जमा करून घेताना अनुक्रमांक, कारखान्याचे नाव, तपासणीचे शिक्के आणि दस्त्यावरील कोरीव नाव यांचे छायाचित्र काढून ते राज्याच्या पुराभिलेखागाराकडे द्यावे. निवडक बंदुका निकामी करून संग्रहालयात ठेवाव्यात. घरी असलेली बंदूक नवी दिसावी म्हणून घासू नये. पॉलिशबरोबर शिक्के पुसले जातात, आणि शिक्के पुसले की साक्षही गेली. ती उडवून पाहण्याचा मोह तर टाळावाच : काळ्या दारूसाठी तपासलेली, ६५ मिलिमीटरची नळी आजच्या ७० मिलिमीटरच्या काडतुसाचा दाब पेलेलच असे नाही.

१४/ नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले जाते. २०२० मध्ये ते राज्याचे पहिले रामसर स्थळ झाले. ही उपमा अभिमानाने वापरताना तिच्यात काय काय येते हे माहीत असावे : मानवनिर्मित पाणी, दूरवरून येणारे पक्षी, आणि त्या पाण्यावर हक्क कोणाचा हा न सुटलेला प्रश्न. भरतपूरच्या दगडाने त्या प्रश्नाचे उत्तर फक्त पाहुण्यांच्या नावांनी दिले होते. पुढच्या नोंदवहीत शेतकऱ्याचे, गुराख्याचे आणि मच्छीमाराचे नावही हवे. (समाप्त)