‘गणिताशी आमचे कधी जमलेच नाही!’

वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे एक विनोद बहुधा करतातच : ‘गणिताशी आमचे कधी जमलेच नाही, म्हणून तर साहित्याकडे वळलो.’ सभागृह हसते. पहिल्या रांगेत बसून आम्हीही वर्षानुवर्षे हसत आलो आहोत. हा विनोद निरुपद्रवी नाही, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे.

त्या सभागृहात मुली अधिक असतात. त्यांतल्या काही पुढे शिक्षिका होतात, काही विक्रोळीच्याच कन्नमवार नगरात, टागोर नगरात लहान मुलांच्या शिकवण्या घेतात. तिथे मराठी आणि गणित शिकवणाऱ्या बाई एकच असतात. शिकागो विद्यापीठातील सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका अशा बाईंविषयी आहे. पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका, ५२ मुलगे, ६५ मुली. वर्षारंभी बाईंची गणितभीती आणि मुलांचे गणित यांचा काही संबंध दिसला नाही. वर्षअखेर मात्र, बाई जितक्या धास्तावलेल्या, तितका ‘गणित मुलग्यांचे, वाचन मुलींचे’ हा समज मुलींत अधिक. आणि हा समज बाळगणाऱ्या मुलींचे गणित कच्चे. मुलग्यांवर तसा परिणाम आढळला नाही. नमुना लहान, देश परका, हे मान्य. पण आपल्याकडे वेगळे घडत असेल असे मानायला आधार कोणता?

आमच्यापैकी एकीच्या शेजारणीचेच पाहा. बारा जणींची भिशी ती वही न उघडता सांभाळते. मुलगी हातच्याच्या वजाबाकीत अडली की म्हणते, ‘जाऊ दे गं, मलाही कधी जमलं नाही.’ मुलगा अडला की मात्र ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून ओरडते. त्याचा अभ्यास कमी पडतो, हिची बुद्धी! आणि भिशीचा तो चोख हिशेब गणितात धरायचा, हे तिला आजवर कोणी सांगितलेलेच नाही.

‘गणित हा आमचा प्रांत नव्हे’ म्हणणारे आपण मराठीवाले एकदा मात्र त्या प्रांतात हिरिरीने उतरलो होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ आले, तेव्हा. बोलताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. शिवाय ‘एकोणतीस’मध्ये ऐकू येतो तीस. सात वर्षांचे मूल इथे गोंधळते, ही साधी गोष्ट गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. जुनी नावे पुस्तकात होतीच. तरी मराठी बुडाली म्हणून ओरड झाली, विधानसभेपर्यंत थट्टा पोचली. लग्नानंतर, संसार सांभाळून १९८१ साली गणितात पीएच.डी. मिळवलेल्या, मुलांसाठी सोप्या मराठीत गणितावर लिहिणाऱ्या बाईंची ही थट्टा! त्यांच्या प्रस्तावाशी मतभेद असू शकतो; आमच्यातही आहे. पण संख्यानामे हा भाषेचाच प्रश्न होता आणि भाषेच्या प्राध्यापकांनी तो विनोदावारी नेला. नारळीकर २०२३ साली गेल्या.

यंदा वाङ्मय मंडळाच्या पाहुण्यांना निमंत्रण देतानाच तो विनोद टाळण्याची विनंती आम्ही करणार आहोत. आगाऊपणा वाटेल. वाटू द्या.