छाती आमची, संशोधन कोणाचे?

नवीन पनवेल ही सिडकोने वसवलेली वसाहत. जवळच तळोज्याचे रासायनिक कारखाने, तालुक्याच्या डोंगरांत दगडखाणी व खडी क्रशर, आणि वाड्यांवर अद्याप पेटणाऱ्या लाकडाच्या चुली. जुनाट खोकला व धाप म्हणजे वयाचा दोष, असे समजून मुकाट राहणारी माणसे येथे घरोघरी आढळतात. अशा रुग्णांनी फुफ्फुसविकारांवरील संशोधनात स्वयंसेवक म्हणून उतरावे काय?

आपल्यातील अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांचे उत्तर ठाम नकाराचे आहे. गरिबाचा देह औषधकंपन्यांना स्वस्तात मिळतो, असे ते म्हणतात. या संतापाला आधार आहे. अनियंत्रित औषधचाचण्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केंद्र सरकारला कठोर शब्दांत फटकारले होते. परंतु या सत्यातून बहिष्काराचा निष्कर्ष काढणे म्हणजे शोषकाच्या हाती आयते कोलीत देणे होय.

कसे ते पाहा. भारतात दीर्घकालीन श्वसनमार्गरोधाचे, म्हणजे सीओपीडीचे, रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लक्ष होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लक्षांवर गेले. त्यांत बिडी-सिगारेट न ओढणारे असंख्य आहेत. तरीही या रोगावरील औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत प्रदीर्घ धूम्रपान केलेल्यांनाच प्रवेश असतो. म्हणजे चुलीपुढे आयुष्य काढलेली बाई आणि क्रशरवरचा मजूर या शास्त्राच्या हिशेबातच नाहीत! आपण दूर राहिलो तर ही वगळणूक कायम होईल. आणि ज्या रोगाची नोंद नाही, त्याची भरपाई कोणता मालक देईल?

केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील तीन व ग्रामीण भागातील एक अशा वस्त्यांतील चार हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. सामान्य माणसांनी छाती तपासू दिली, म्हणूनच प्रदूषित विभागात श्वसनाच्या तक्रारी अधिक असल्याचे आकड्यांनिशी मांडता आले. उलट भोपाळमध्ये १९८४च्या वायुकांडानंतर सुरू झालेले आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे अभ्यास १९९४ साली गुंडाळले गेले. संशोधन थांबले, पीडितांची धाप थांबली नाही. अभ्यास चालू ठेवा, अशी मागणी पीडितांनाच करावी लागली.

तेव्हा सहभाग द्यावा, पण अटींवर. २०१९च्या नियमांनी चाचणीची पूर्वनोंदणी, लेखी संमती, इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई बंधनकारक केली आहे. नैतिकता समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत व एक सामान्य नागरिक असावा, असेही सांगितले आहे. ही कलमे कागदावर राहू द्यायची की राबवून घ्यायची, हे संघटित शक्तीवर अवलंबून आहे. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवलेच पाहिजे. बुडालेला रोज व गाडीभाडे मिळालेच पाहिजे. निष्कर्ष वस्तीत येऊन सांगितले पाहिजेत आणि गुणकारी ठरलेले औषध सरकारी दवाखान्यात उपलब्ध झाले पाहिजे. सही करण्यापूर्वी रुग्णाशेजारी बसून प्रश्न विचारणारा कार्यकर्ता प्रत्येक शाखेने तयार करावा.

श्रमिकाने आपला घाम विनाअट विकू नये, हे आपण त्याला शिकवले. त्याच्या श्वासाबाबतही तीच शिकवण लागू आहे.